स्वतःच्या हिशेबानं खेळलेली कारकीर्द

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शांघाय शहराच्या पश्चिमेला, होंगच्याओ विमानतळाजवळ, एक भलंमोठं प्राणिसंग्रहालय आहे. आज तिथे पांडा बघायला पोराबाळांची गर्दी असते. 1949च्या आधी ती जागा परदेशी व्यापाऱ्यांचं गोल्फ मैदान होती. क्रांती झाली, मालक गेले आणि नव्या सरकारनं त्या हिरवळीवर सार्वजनिक उद्यान केलं. पुढे तिथे प्राणी आले. जमीन मूठभर गोऱ्यांच्या करमणुकीसाठी राखलेली होती, ती शहरातल्या सगळ्यांना खुली झाली. या निर्णयात खोट काढावी असं मला वाटत नाही. पण त्याबरोबर चीनमधून गोल्फही गेला. पुढची तीसेक वर्षं मुख्य भूमीवर हा खेळ जवळपास नव्हताच. माओंच्या काळात वाढलेल्या पिढीनं गोल्फचा चेंडूही पाहिलेला नव्हता.

अशा देशातून एक मुलगी गोल्फमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तिचं नाव फेंग शानशान. जन्म 5 ऑगस्ट 1989, ग्वांगझौचा. आजचं व्याख्यान तिच्या कारकिर्दीवर आहे.

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते त्या सरांनी सगळं आयुष्य शाळेच्या मैदानावर घालवलं, हे आपण जाणता. विषय निवडताना माझ्या डोळ्यांपुढे तेच होते. खेळाडूला कोण घडवतं, आणि घडलेल्या खेळाडूवर मग हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या कामाशी जोडलेला आहे. शानशानच्या कारकिर्दीत तो मला फार स्वच्छ दिसतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शानशाननं महिलांच्या मुख्य टूरवर दहा स्पर्धा जिंकल्या, ऑलिंपिक पदक मिळवलं, ती पहिल्या क्रमांकावर गेली, हे सगळं मोठंच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते की किती खेळायचं, कसं खेळायचं आणि कधी थांबायचं हे तिचं तिनं ठरवलं. चीनच्या क्रीडाव्यवस्थेत ही मोकळीक फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे.

तिच्याआधीची थोडी हकिकत सांगायला हवी. चीननं दारं उघडली आणि 1984 साली ग्वांगदोंग प्रांतात, सन यत-सेन यांच्या जन्मगावाच्या परिसरात, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ नव्या चीनचं पहिलं गोल्फ मैदान तयार झालं. पैसा हाँगकाँगचे उद्योगपती हेन्री फोक यांनी उभा केला, आखणी अमेरिकेचा दिग्गज खेळाडू अर्नोल्ड पामर याच्या कंपनीनं केली. हेतू साधा होता. हाँगकाँगचे आणि परदेशातले गुंतवणूकदार यावेत, त्यांना त्यांच्या सवयीचं काहीतरी इथे मिळावं. चिनी माणसानं खेळावं म्हणून ते मैदान बांधलेलं नव्हतं. चिनी माणूस तिथे गवत कापायला, चहा द्यायला आणि पाहुण्यांच्या बॅगा उचलायला होता.

अशा बॅगा उचलणाऱ्यांतूनच झांग लियानवेई पुढे आला. जन्म 1965चा. क्रीडाशाळेत तो भालाफेक शिकला होता. ते काही पुढे गेलं नाही, तेव्हा विशीच्या सुमाराला त्यानं झुहाईच्या नव्या मैदानावर कॅडीचं काम धरलं. गोल्फ त्याला कोणी शिकवला नाही. पाहुणे कसे मारतात ते बघत, मिळेल त्या वेळात स्वतः मारत तो शिकला. 1994 साली तो व्यावसायिक झाला. 2003च्या जानेवारीत सिंगापूरला कॅल्टेक्स मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी त्याची गाठ एर्नी एल्सशी पडली. एल्स तेव्हा ब्रिटिश ओपनचा विजेता होता, ऐन भरात होता. झांगनं शेवटच्या होलवर बर्डी साधली, म्हणजे अपेक्षित फटक्यांपेक्षा एक कमी घेतला, आणि एका फटक्यानं स्पर्धा जिंकली. युरोपियन टूरची स्पर्धा जिंकणारा तो पहिला चिनी. पुढच्या वर्षी ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेनं त्याला खास निमंत्रण दिलं. दोन दिवसांनंतर पुढच्या फेऱ्यांसाठी तो पात्र ठरू शकला नाही, पण ऑगस्टाच्या यादीत चीनचं नाव त्याच्यामुळे पहिल्यांदा आलं.

त्याच्या मागून लियांग वेनचोंग आला. तो त्या पहिल्या मैदानाच्याच पंचक्रोशीतला. 2007 साली आशियाई टूरच्या कमाईच्या यादीत तो पहिला आला. 2008 साली दिल्लीच्या गोल्फ क्लबवर झालेली इंडियन ओपन त्यानंच जिंकली. दिल्लीचं ते मैदान अरुंद आणि दुतर्फा झुडपांचं आहे, तिथे जोरापेक्षा अचूकपणा लागतो. आपल्याकडच्या जाणकारांनी चिनी गोल्फची ताकद तेव्हा जवळून पाहिली.

हे दोघं मला फार प्रिय आहेत, पण त्यांच्यावर मी थांबणार नाही. त्यांचा खेळ अपघातानं सुरू झाला. शेजारी मैदान झालं म्हणून ते खेळले. शानशानच्या बाबतीत खेळ सुरू होण्यामागे एका बापाचा निर्णय होता.

तिचे वडील ग्वांगझौच्या स्थानिक गोल्फ संघटनेत नोकरी करत. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिच्या हाती क्लब दिला. 1999च्या आसपासची ही गोष्ट. त्या वेळच्या चीनमध्ये हा निर्णय किती वेगळा होता हे लक्षात घ्यायला हवं. गुणी मूल खेळात पुढे न्यायचं तर तिथे एक ठरलेला मार्ग होता. तालुक्याची क्रीडाशाळा, मग प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय संघ. राहणं, जेवण, शिक्षण, प्रशिक्षक, सगळं सरकारचं. टेबल टेनिस, डायव्हिंग, जिम्नॅस्टिक्स, वेटलिफ्टिंग इथली चीनची पदकं या यंत्रणेतून आलेली आहेत. यंत्रणा मुलाला सगळं देते आणि मोबदल्यात त्याचं वेळापत्रक, प्रशिक्षक, कमाईतला वाटा आणि पुष्कळदा निवृत्तीचा दिवससुद्धा स्वतःकडे ठेवते.

गोल्फ या यंत्रणेत नव्हता, कारण तो ऑलिंपिकमध्ये नव्हता. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळाशी प्रांतांच्या क्रीडा खात्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे शानशानच्या वाट्याला सरकारी वसतिगृह आलं नाही आणि सरकारी प्रशिक्षकही आला नाही. खर्च घरचा, शिकवणी वडिलांची. गोल्फ हा चीनमध्ये श्रीमंतांचा खेळ होता, मैदानांची सभासदत्वं सामान्य घराला परवडणारी नव्हती. पगारदार कुटुंबातल्या मुलीला या खेळात नेणं म्हणजे घराचं सगळं गणित तिच्याभोवती फिरवणं होतं. ते त्या घरानं केलं.

इथे मला ली ना आठवते. वुहानची टेनिसपटू. ती त्या सरकारी मार्गानं वाढली आणि त्या मार्गाशी तिचं सतत भांडण झालं. 2008च्या अखेरीला चीनच्या टेनिस प्रशासनानं तिला आणि आणखी तिघींना आपापली कारकीर्द स्वतः सांभाळायची परवानगी दिली. प्रशिक्षक त्यांनी निवडायचा, खर्च त्यांनी करायचा आणि पूर्वी कमाईतला सुमारे 65 टक्के वाटा सरकारला जायचा, तो 8 ते 12 टक्क्यांवर आला. त्यानंतर अडीच वर्षांत ली नानं फ्रेंच ओपन जिंकली. यंत्रणेबाहेर पडणं हाच तिच्या आयुष्यातला मोठा लढा होता. शानशानला तो लढा द्यावा लागला नाही, कारण ती मुळातच बाहेर होती. तिला आरंभापासून एकटीनं चालावं लागलं. त्या एकटेपणाचे तोटे होते, तसाच एक फायदाही होता. स्वतःचं स्वतः ठरवायची सवय तिला लहानपणीच लागली.

सतराव्या-अठराव्या वर्षी ती अमेरिकेत गेली. दक्षिण आफ्रिकी प्रशिक्षक गॅरी गिलख्रिस्ट यांच्याकडे शिकू लागली. भाषा नवी, अन्न नवं, आपल्या देशाचं दुसरं कोणी आसपास नाही. 2007च्या अखेरीला तिनं एलपीजीए टूरची, म्हणजे महिला व्यावसायिक गोल्फच्या मुख्य टूरची, पात्रता स्पर्धा पार केली आणि 2008पासून ती त्या टूरची सभासद झाली. चीनमधून त्या टूरवर गेलेली ती पहिलीच.

पहिली चार वर्षं विजयाविना गेली. वर्तमानपत्रांना अशी वर्षं दिसत नाहीत. दर आठवड्याला नवं गाव, नवं मैदान, दोन दिवस खेळून बाद झालो तर कमाई शून्य. व्यावसायिक गोल्फमध्ये पगार नसतो. प्रवास, हॉटेल, कॅडी यांचा खर्च खेळाडूच्या खिशातून जातो. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्यांनंतर निम्म्याच्या आसपास खेळाडू बाद होतात आणि बाद झालेल्याला रिकाम्या हातानं परतावं लागतं. या दिवसांत ती जपानच्या टूरवरही खेळू लागली आणि तिथे 2011 साली जिंकली. घराजवळ, आशियातल्या मैदानांवर जिंकायची सवय झाली आणि मग 2012 उजाडलं.

10 जून 2012. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराजवळचं पिट्सफर्ड गाव, लोकस्ट हिलचं मैदान, एलपीजीए चँपियनशिप. महिला गोल्फमधल्या मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांपैकी ही एक. ज्यांना गोल्फच्या गुणपद्धतीचा सराव नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं सांगतो. प्रत्येक होलसाठी फटक्यांची एक अपेक्षित संख्या असते, तिला पार म्हणतात. अठरा होलची मिळून तिथली पार 72 होती, म्हणजे चार दिवसांची 288. जो सर्वांत कमी फटक्यांत खेळ संपवेल तो विजेता.

तीन दिवसांनंतर कोरियाची जी उन-ही 212 फटक्यांवर पुढे होती. शानशान 215वर, तीन फटके मागे. मेजर स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मैदान मुद्दाम कठीण केलेलं असतं. ध्वज ग्रीनच्या कडेला नेलेले, गवत उंच, जमीन कडक. आघाडीवरच्या खेळाडू तिथे बचाव करत खेळतात आणि एकेक फटका गमावतात. शानशाननं त्या दिवशी 67 मारले. पारपेक्षा पाच कमी. तिची एकूण बेरीज 282 झाली. जी उन-ही, स्टेसी लुइस, सुझान पेटरसन आणि जपानची मिका मियाझातो, चौघी 284वर थांबल्या. शानशान बावीस वर्षांची होती. एलपीजीएवरचा तिचा हा पहिला विजय आणि तोच मेजर. चीनच्या कोणाही गोल्फपटूनं, पुरुष असो की बाई, मेजर जिंकण्याची ती पहिली वेळ.

तिच्या खेळाबद्दल थोडं. ती फार लांब मारणाऱ्यांतली नव्हती. तिच्या पिढीत ताकदीनं तीस-चाळीस यार्ड पुढे चेंडू टाकणाऱ्या मुली होत्या. शानशानचा स्विंग संथ, एका लयीतला, आणि वर्षानुवर्षं तसाच. चेंडू जिथे ठेवायचा तिथे ठेवायची. ग्रीनवर चेंडू आला की पटिंगला घाई नाही. अशा खेळाची चित्रफीत कोणी पुन्हा पुन्हा लावून बघत नाही, पण चौथ्या दिवशी दुपारी, वारा सुटलेला असताना, हाच खेळ टिकतो.

आणि तिचं वागणं. गाईच्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या डागांसारख्या नक्षीच्या पँट घालून ती मैदानात यायची. ती तिची ओळख झाली. खाण्याची आवड ती लपवत नसे. हंगाम संपल्यावर सुट्टीत सराव करत नाही, हे मुलाखतींत मोकळेपणानं सांगत असे. व्यायामशाळेतल्या घामाच्या गोष्टी सांगणाऱ्या खेळाडूंत तिची ही भाषा वेगळी उठून दिसायची. काहींनी तिला आळशीही म्हटलं असेल. मला ते कधीच पटलं नाही. दहा वर्षं जगाच्या पहिल्या रांगेत राहणारी बाई आळशी असू शकत नाही. आपल्या शरीराला काय लागतं आणि काय लागत नाही, याचा तिचा हिशेब पक्का होता, आणि तो लोकांसमोर मांडायला ती कचरत नव्हती. सतत राबत असल्याचं दाखवणं हाही खेळाडूवरचा एक दबाव असतो. तो तिनं घेतला नाही.

2013च्या ऑक्टोबरमध्ये बीजिंगला घरच्या प्रेक्षकांसमोर ती स्टेसी लुइसशी झुंजत होती. शेवटच्या होलवर तिनं ईगल साधला, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी, आणि एका फटक्यानं जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात हंगामाची शेवटची स्पर्धाही तिची. पुढे मलेशियात दोनदा, जपानमध्ये दोनदा. दुबईची महिला मास्टर्स तिनं चारदा जिंकली.

पण मला इथे एका पराभवावर थांबायचं आहे. जुलै 2017, न्यू जर्सीतलं बेडमिन्स्टर, महिलांची यूएस ओपन. ही महिला गोल्फमधली सर्वांत जुनी मेजर. पहिल्या दिवशी 66 मारून शानशाननं आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी टिकवली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिच्याकडून बर्डी होईना आणि कोरियाच्या खेळाडू एकेक फटका जवळ येऊ लागल्या. अठराव्या होलवर, जिथे पार पाच होती, तिला आठ फटके लागले. स्पर्धा पार्क सुंग-ह्युननं जिंकली, शानशान बरोबरीत पाचवी. तीन दिवस आघाडीवर असलेल्या खेळाडूचा शेवट असा होणं फार क्रूर असतं, आणि गोल्फमध्ये तो क्रूरपणा एकट्यानंच सोसावा लागतो, कारण पास द्यायला शेजारी कोणी नसतं. मी हा पराभव सांगतो तो त्यानंतर चार महिन्यांत काय झालं यासाठी.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती जपानची टोटो क्लासिक जिंकली. लगेच पुढच्या आठवड्यात चीनच्या हैनान बेटावर ब्लू बे स्पर्धा जिंकली. 13 नोव्हेंबर 2017च्या यादीत फेंग शानशान जगात पहिली. बेडमिन्स्टरला जिनं तिला मागे टाकलं, त्या पार्क सुंग-ह्युनकडूनच हे स्थान तिच्याकडे आलं. ते तिच्याकडे 23 आठवडे राहिलं. चीनच्या पुरुष वा महिला गोल्फपटूंपैकी या जागी पोहोचलेली ती पहिली.

आता मागे रिओ ऑलिंपिककडे जातो, कारण तिथे यंत्रणा आणि शानशान यांची गाठ पडली. ऑक्टोबर 2009मध्ये कोपनहेगनच्या बैठकीत गोल्फला ऑलिंपिकमध्ये परत घ्यायचं ठरलं. त्या दिवसापासून चीनच्या क्रीडा खात्यांना हा खेळ दिसू लागला. प्रांतांनी संघ उभे केले. 2013च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत गोल्फ पहिल्यांदा आला. आणि देशाकडे तयार, मेजर जिंकलेली एक खेळाडू होती, जी यंत्रणेनं घडवलेली नव्हती.

ऑगस्ट 2016. ऑलिंपिकमध्ये महिलांचा गोल्फ 1900 सालानंतर पहिल्यांदा खेळला गेला. पुरुषांच्या बाजूनं पुष्कळ नामांकितांनी झिका विषाणूचं आणि वेळापत्रकाचं कारण देऊन माघार घेतली होती. महिलांच्या बाजूनं जवळपास सगळ्या आल्या. कोरियाची पार्क इन-बी पारपेक्षा सोळा कमी खेळून सुवर्णपदक घेऊन गेली. न्यूझीलंडची लिडिया को अकरा कमी, शानशान दहा कमी. को आणि ती यांच्यात एक फटका, आणि तिच्यामागे एका फटक्यावर तिघी टपलेल्या. चीनला गोल्फमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं, कांस्य. त्याच स्पर्धेत बंगळुरूची अठरा वर्षांची अदिती अशोक पहिले दोन दिवस 68-68 खेळून पहिल्या दहांत होती, शेवटी बरोबरीत 41वी आली. आपल्याकडे अनेकांनी महिला गोल्फ पहिल्यांदा त्या दोन दिवसांत पाहिला.

ज्या वर्षांत शानशान ही पदकं आणि हे क्रमांक मिळवत होती, त्याच वर्षांत तिच्या देशात गोल्फवर कारवाई चालू होती, हे विसरून चालणार नाही. 2004 सालीच केंद्र सरकारनं नव्या मैदानांवर बंदी घातली होती. कारणं खरी होती. शेतजमीन जात होती, पाणी जात होतं, गावकऱ्यांना तुटपुंजी भरपाई देऊन उठवलं जात होतं. पण बंदीच्या काळात मैदानं कमी होण्याऐवजी वाढली. दोनशेच्या आत असलेली संख्या सहाशेच्या वर गेली, कारण स्थानिक अधिकाऱ्यांना जमिनीच्या व्यवहारातून पैसा हवा होता आणि मैदानाला उद्यान किंवा विश्रामस्थळ असं नाव देता येत होतं. लोक गोल्फला हिरवी अफू म्हणत. शी जिनपिंग यांच्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत, ऑक्टोबर 2015मध्ये, पक्षसभासदांना गोल्फ क्लबची सभासदत्वं घेण्यास मनाई झाली. पुढल्या वर्षी पक्षाच्या शिस्तविभागाच्या वृत्तपत्राला खुलासा करावा लागला की गोल्फ खेळणं हा स्वतःहून गुन्हा नाही. 2017च्या जानेवारीत सरकारनं जाहीर केलं की 683 मैदानांपैकी 111 बंद केली.

पाणी आणि शेतजमिनीच्या बाजूनं माझा कौल सरळ गावकऱ्यांना आहे. पाण्याचे टँकर पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला तो प्रश्न समजावून सांगायला नको. तरी त्यातून एक गोष्ट घडली ती अन्यायाची होती. जमीन लाटणारे वेगळे होते आणि चेंडू मारणारी मुलं वेगळी. शिक्षा मात्र दोघांना झाली. प्रायोजक बिचकले, अधिकाऱ्यांच्या घरातली मुलं खेळातून काढली गेली, स्पर्धा कमी झाल्या. कोरियात 1998 साली पाक से-रीनं दोन मेजर जिंकल्या आणि दहा वर्षांत कोरियन मुलींनी जग व्यापलं. चीनमध्ये शानशाननंतर तशी लाट लगेच आली नाही, त्याचं एक कारण या काळात आहे. पुरुषांच्या बाजूनं ग्वांगझौच्याच चौदा वर्षांच्या गुआन तियानलांगनं 2013च्या मास्टर्समध्ये चारही फेऱ्या खेळून जगाला चकित केलं, पण त्यानंतर तो त्या उंचीवर दिसला नाही. शानशानवर त्यामुळे दुहेरी भार होता. ती देशाची एकुलती एक होती आणि तिचा खेळ देशात संशयाच्या छायेत होता.

त्या भाराखाली ती वाकली नाही. 2019च्या जुलैत विस्कॉन्सिनला पारपेक्षा 29 कमी फटके खेळून तिनं दहावी एलपीजीए स्पर्धा जिंकली. मग करोना आला. 2020चा सगळा हंगाम ती अमेरिकेत गेलीच नाही, चीनमध्ये राहिली. तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी वर्षभराची सुट्टी धोक्याची असते. 2021च्या एप्रिलमध्ये ती कॅलिफोर्नियात मेजर खेळायला परत आली आणि बरोबरीत तिसरी आली. वर्षभर या टूरवर न खेळलेली बाई! तिच्या शांत स्विंगबद्दल मी मघाशी बोललो, तो तिला किती उपयोगी पडला ते इथे दिसलं.

टोकियोनंतर थांबायचं असं ती आधीपासून सांगत होती. ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं, तिनं वर्षभर वाट पाहिली. 7 ऑगस्ट 2021ची सकाळ आपल्याला आठवत असेल. शनिवार होता. कासुमिगासेकीच्या मैदानावर अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती आणि गोल्फचा ग न जाणणारी माणसं टीव्हीपुढे बसून पार आणि बर्डी शिकत होती. नेली कोर्डानं सुवर्ण नेलं, अदिती एका फटक्यानं हुकली, चौथी आली. त्याच मैदानावर, त्याच सकाळी, शानशान आपली शेवटची ऑलिंपिक फेरी खेळत होती. ती पहिल्या दहांत राहिली. आपल्या वर्तमानपत्रांत त्याची ओळही नव्हती, आणि त्या दिवशी ते स्वाभाविक होतं.

2022च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, तेहतिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, तिनं निवृत्ती जाहीर केली. मोठी दुखापत झालेली नव्हती, खेळ ढासळलेला नव्हता, कोणी काढलेलं नव्हतं. मनात आणलं असतं तर आणखी पाच वर्षं ती कमावू शकली असती. ज्या देशात खेळाडूच्या शेवटच्या स्पर्धेचा निर्णय पुष्कळदा दुसऱ्या टेबलावर होतो, तिथे तिनं तो स्वतः घेतला आणि आधी सांगून घेतला.

मग ती शिकवायला वळली. आता पुढची माणसं येऊ लागली होती. शांघायची यिन रुओनिंग 2002 सालची, शानशानपेक्षा तेरा वर्षांनी लहान. 2023च्या एप्रिलमध्ये ती लॉस एंजेलिसला जिंकली. एलपीजीए स्पर्धा जिंकणारी ती दुसरी चिनी. दोन महिन्यांनी, 25 जूनला, बाल्टुस्रॉलच्या मैदानावर शेवटच्या होलवर बर्डी साधून तिनं युका सासोला एका फटक्यानं मागे टाकलं आणि मेजर जिंकली. ती स्पर्धा म्हणजे 2012 साली शानशाननं जिंकलेलीच स्पर्धा, आता तिचं नाव बदललेलं आहे. सप्टेंबरमध्ये यिन जगात पहिली झाली. मेजर जिंकणारी पहिली चिनी आणि दुसरी यांच्यात अकरा वर्षं गेली. मला हे अंतर फार बोलकं वाटतं. पहिलीनं वाट पाडली एवढ्यानं दुसरी येत नाही. तिच्यासाठी मैदानं उघडी राहावी लागतात, घरांनी धीर धरावा लागतो आणि पहिलीला पाहून वाढलेलं मूल पुरतं मोठं व्हावं लागतं.

पॅरिसला 2024 साली चीनच्या गोल्फ संघाबरोबर शानशान प्रशिक्षक म्हणून गेली. तिथे लिन शीयूनं कांस्यपदक मिळवलं. लिन ग्वांगझौची. ऑलिंपिक गोल्फमध्ये चीनकडे आजवर दोनच पदकं आहेत, रिओचं आणि पॅरिसचं. एक फेंग शानशाननं स्वतः जिंकलं, दुसरं जिंकणाऱ्या संघाची ती प्रशिक्षक होती.